खोडापासून चार फुटांवर गटाराची खूण: गल्लीतला जुना वड वाचवायचा कसा?

वाचकाचं पत्र

धुळ्याच्या जुन्या भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा वड आहे. माझे सासरे सांगायचे, त्यांच्या लहानपणीही तो असाच होता. दोरीनं मोजला तर बुंध्याचा घेर चौदा फूट भरला. काही वर्षांपूर्वी त्याचा जुना दगडी पार काढून सिमेंटचा केला, वर फरशी बसवली, भोवती पेव्हर ब्लॉक टाकले. तेव्हापासून शेंड्याकडच्या फांद्या वाळताहेत. आता नवं गटार आणि काँक्रीटचा रस्ता मंजूर झालाय. गटाराची चुन्याची खूण खोडापासून चार फुटांवर मारली आहे आणि होळीनंतर काम सुरू होणार म्हणतात. खोडाला एका बाजूनं ढोली आहे. काहींचं म्हणणं, झाड पोकळ आहे, काढून दुसरीकडे लावा. काहींचं म्हणणं, ढोली सिमेंटनं भरून घ्या. लाइनमन दरवर्षी एकाच बाजूच्या फांद्या उतरवतात आणि वाहनांना लागतात म्हणून पारंब्या कापल्या जातात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-सुना याच वडाला झोके बांधतात, तेही बंद करावं का? सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, धुळे

उत्तर

ताई, सुरुवात गटारापासून करा. ढोली, पार, छाटणी या गोष्टी चार महिन्यांनी केल्या तरी चालतील. चार फुटांवरचा चर मात्र एकदा खणला गेला की पुढचं सगळं करणं वाया जाईल.

चौदा फूट घेर म्हणजे साधारण साडेचार फूट व्यास. झाडाच्या मुळांचा सांभाळायचा परिसर काढताना व्यासाला बारानं गुणतात. तुमच्या वडाला तो खोडापासून ५३-५४ फुटांपर्यंत जातो. गल्लीत एवढी जागा मिळणार नाही, हे कळतं. पण त्याच्या आत आणखी एक वर्तुळ असतं. झाडाला उभं धरणारी जाड मुळं त्यात असतात आणि एवढ्या घेराच्या झाडाला ते खोडापासून सुमारे १२ फुटांचं धरावं लागतं. या बारा फुटांत तडजोड करू नका. चार फुटांवर जेसीबीचं बकेट गेलं तर एका बाजूची सगळी आधारमुळं तुटतील. झाड लगेच पडणार नाही, हिरवंही राहील. मग दोन-तीन वर्षांनी मे-जूनच्या वादळात ते गटाराच्या उलट दिशेला कलंडेल, कारण त्याला मागून धरून ठेवणारी मुळंच नसतील. आणि तेव्हा सगळे ढोलीकडे बोट दाखवतील.

बहुतेकांना वाटतं, एवढ्या झाडाची मुळं खूप खोल गेलेली असणार, वरची चार-दोन तुटली तर काय बिघडतं? प्रत्यक्षात पाणी आणि अन्न घेणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात, कारण हवा तिथेच असते. पेव्हर बसवताना खालची माती रोलरनं दाबतात, तेव्हा नेमका हाच थर मरतो. तुमच्या शेंड्याच्या फांद्या त्यामुळेच वाळताहेत. मुळं जेवढं पाणी वर पोचवू शकत नाहीत, तेवढा भाग झाड वरून सोडून देतं.

आता अर्जाचं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ तुमच्या शहराला लागू आहे. या कायद्यात झाड ‘तोडणे’ याचा अर्थ कुऱ्हाड चालवणं एवढाच नाही. जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यात येतं. म्हणजे मुळं तोडणारं खोदकामही येतं. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं स्थान दिलं आहे. तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाचं वय जेवढी वर्षं, तेवढी रोपं लावण्याची अटही घातली आहे. महापालिकेत आयुक्त हे वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. अर्ज त्यांच्या नावे करा, एक प्रत वृक्ष अधिकाऱ्यांना आणि एक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांना द्या. तिन्हींवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. शिक्क्याशिवायचा अर्ज नंतर कुणालाच सापडत नाही.

अर्जात भावना कमी आणि मापं जास्त असू द्या. मूळ जमिनीपासून साडेचार फुटांवरचा घेर, फांद्यांचा पसारा चारही दिशांना खोडापासून किती फूट, गटाराच्या खुणेपर्यंतचं अंतर टेप लावून काढलेल्या फोटोसह, आणि हातानं काढलेला नकाशा एवढं पुरे. मागण्या तीनच ठेवा: वारसा वृक्ष म्हणून नोंद, १२ फुटांच्या आत यंत्रानं खोदकाम नाही असा लेखी आदेश, आणि काम सुरू होण्याआधी वृक्ष अधिकारी व अभियंता यांची एकत्र जागेवर पाहणी. एकत्र पाहणीचा आग्रह सोडू नका. दोन विभाग वेगवेगळे येऊन गेले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

वयाच्या पुराव्यासाठी घेरावरून वय काढायच्या भानगडीत पडू नका. वडाच्या पारंब्या खोडाला चिकटून त्यातच मिसळतात, त्यामुळे घेर वयाच्या मानानं भराभर वाढतो आणि कोणताही हिशेब खोडून काढता येतो. त्यापेक्षा गल्लीतली जुनी खरेदीखतं बाहेर काढायला सांगा. चतुःसीमेत ‘पूर्वेस वडाचे झाड व त्यापुढे रस्ता’ अशी ओळ सापडते का पाहा. ज्या दस्तावर ‘जिल्हा पश्चिम खानदेश’ छापलंय, तो १९०६ ते १९६० या काळातला धरायला हरकत नाही. त्यात झाडाचा उल्लेख असेल तर पन्नास वर्षांचा प्रश्न तिथेच मिटला. लग्नाच्या वरातीचे, दुकानाच्या उद्घाटनाचे जुने फोटोही चालतात, फक्त त्यात आजही ओळखू येईल अशी एखादी इमारत दिसली पाहिजे. सत्तरी ओलांडलेल्या दोन-तीन आजी-आजोबांची प्रतिज्ञापत्रं जोडली तर आणखी बरं.

झाड तोडण्याचा अर्ज कुणी आधीच केला असेल तर वर्तमानपत्रात आणि झाडावर ठळक जागी जाहीर नोटीस लावावी लागते. परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस झाड तोडता येत नाही. नोटीस दिसताच तिचा तारखेसह फोटो घ्या आणि दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवा. हरकतीवर गल्लीतल्या सगळ्यांची एकाच कागदावर सही घेण्यापेक्षा दहा घरांचे दहा वेगळे अर्ज द्या. गटाराचा मंजूर नकाशा आणि अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागता येतं. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून हा अर्ज आजच टाका. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी यंत्र येऊन उभं राहिलं तर वाद घालत बसू नका. वृक्ष अधिकाऱ्यांना फोन करा, ११२ वर कळवा आणि चित्रीकरण सुरू ठेवा.

अभियंत्यापुढे नुसता ‘नको’ घेऊन जाल तर चर्चा तिथेच संपेल. पर्याय घेऊन जा. सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे झाडासमोरच्या भागात गटार रस्त्याच्या दुसऱ्या कडेला नेणं. उतार जुळत नसेल तर झाडाजवळच्या २५-३० फुटांत उघडं आरसीसी गटार न बांधता पाइप टाकायचा. तिथला चर माणसांनी टिकाव-पहारीनं खणायचा, मुळं दिसली की भोवतीची माती हातानं काढायची आणि पाइप मुळांच्या खालून, साधारण तीन-साडेतीन फुटांवरून सरकवायचा. दोन इंचांहून जाड मूळ अजिबात तोडायचं नाही. त्याहून बारीक मूळ तोडावंच लागलं तर करवतीनं सरळ कापायचं. जेसीबीनं ओढलेलं मूळ मागे कित्येक फूट चिरत जातं आणि कूज त्याच चिरेतून खोडापर्यंत पोचते. उघडी पडलेली मुळं लगेच ओल्या गोणपाटानं झाकायची, गोणपाट दिवसातून तीन-चारदा भिजवायचं आणि चर त्याच दिवशी बुजवायचा. आपल्याकडे मार्चपासूनच ऊन तापतं. दुपारी उघडं राहिलेलं बारीक मूळ संध्याकाळपर्यंत मेलेलं असतं.

काँक्रीटचा रस्ता खोडाला टेकवून घेऊ देऊ नका. दिल्लीतल्या झाडांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल २०१३ मध्ये झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, खिळे, पाट्या आणि विजेच्या वायरीही काढायला सांगितल्या होत्या. तो दाखला अर्जाला जोडा, पण तुमच्या वडासाठी एका मीटरवर समाधान मानू नका. निदान सहा-सात फूट मोकळी माती मागा. त्यापुढे पेव्हर लागतच असतील तर ते वाळूच्या थरावर, सिमेंटचे सांधे न भरता बसवायचे. कामाच्या दिवसांत खडी, सिमेंटच्या गोण्या आणि मिक्सर झाडाखाली सावलीला ठेवतात, तेही थांबवा. मिक्सर धुतलेलं पाणी मुळांवर ओतलं की माती चुनखडीसारखी घट्ट होते. खोडापासून बारा फुटांवर बांबू रोवून हिरवी जाळी लावली की निम्मं काम झालं.

आता पार. जुने पार दगड-मातीचे असत. सांध्यांतून पाणी झिरपे, हवा जाई. सिमेंट आणि फरशीनं दोन्ही बंद केलं. त्यात बुंध्याभोवती भराव टाकून फरशी थेट सालीला टेकवली असेल तर साल आतून ओली राहून कुजते. बुंधा खाली रुंद होत जाऊन मुळांत उतरताना दिसला पाहिजे. तो विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत घुसलेला दिसत असेल तर भराव पडलाय हे नक्की.

हे काम उन्हाळ्यात करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये, माती ओली असताना करा. फरशी आणि काँक्रीट बाहेरच्या कडेपासून आत येत छिन्नी-हातोडीनं काढा. मोठा ब्रेकर खोडाजवळ नको, हादऱ्यानं मुळांची साल सुटते. खालचा भराव एकदम उपसू नका. त्यात आता नवी मुळं शिरलेली असतात. या पावसाळ्यात खोडालगतचा दोन फुटांचा पट्टा मोकळा करा, उरलेला पुढच्या वर्षी. बसायला पार हवाच, आणि असावाही. बाहेरच्या कडेला दगडांची कोरडी रांग रचा आणि आत माती उघडी ठेवा.

दाबलेल्या मातीसाठी हातानं भोकं पाडायची. खोडापासून सहा फुटांच्या पुढे, दर दोन फुटांवर, दोन इंच रुंद आणि दीड फूट खोल. पहार मुळावर आपटली की जोर न करता थोडं बाजूला सरका. भोकांत जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं भरा. वर तीन-चार इंच वाळक्या पानांचा थर द्या, तो खोडापासून अर्धा फूट लांब ठेवा. खोडाला टेकलेला ओला पाला वाळवीला बोलावतो. युरिया किंवा रासायनिक खत देऊ नका. मुळं अधू असताना नुसती पालवी वाढवणं म्हणजे झाडावर ओझं टाकणं आहे.

उन्हाळ्यात पाणी द्यायचं, पण रोज बादलीभर नव्हे. एवढ्या झाडाला पंधरा दिवसांतून एकदा दीड ते दोन हजार लिटर पाणी, फार सावकाश. खानदेशात ठिबक कुणाला शिकवायला नको. १६ मिलिमीटरच्या नळीच्या दोन गोल रांगा टाका, एक खोडापासून आठ फुटांवर आणि दुसरी तेरा फुटांवर, दर दोन फुटांवर ताशी ४ लिटरचा ड्रिपर. मिळून साधारण ६६ ड्रिपर बसतात. पूर्ण दाबावर दोन हजार लिटरला साडेसात तास लागतात. गच्चीवरच्या टाकीतून सोडलं तर दाब कमी पडतो, तेव्हा रात्रभर चालू ठेवा. मात्र आधी एक फूट खोल माती काढून मुठीत दाबून पाहा. गोळा होत असेल तर पाणी नको. काळी माती ओल धरून ठेवते. सतत चिखल राहिला तर मुळं गुदमरतात आणि पानं तशीच पिवळी पडतात. मग लोक आणखी पाणी ओततात.

ढोली सिमेंटनं भरू नका. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. दोघांमध्ये फट पडते, तिथे पाणी साचतं आणि सांगणाऱ्याला मजबुती वाटते तिथेच कूज वाढत जाते. पाणी काढायला खालून भोकही पाडू नका. कूज पसरू नये म्हणून झाडानं आत जी भिंत घातलेली असते, तीच त्या भोकानं फुटते. हातानं सुटणारा भुसा आणि कचरा काढा, बाकी आत खरवडू नका. ढोलीत दिवे लावणं मात्र आजच बंद करा, दिवा पाराच्या कडेला ठेवा. आतलं कोरडं लाकूड धुमसत राहतं आणि दुसऱ्या दिवशी कळतं.

पोकळ म्हणजे धोकादायक, असा सरळ हिशेब नसतो. खोडाचा जिवंत भाग बाहेरच्या कड्यात असतो आणि भारही तेच कडं पेलतं. शिवाय वड पुष्कळदा दुसऱ्या झाडावर रुजून वाढतो. आतलं मूळ झाड कुजून गेलं की तिथे पोकळी उरते, आणि वडाला त्यानं काही होत नाही. ढोबळ नियम असा की धडधाकट लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या तीन-दशांशांहून जास्त हवी. तुमच्या झाडाला ती सुमारे आठ इंच येते. लाकडी हातोड्यानं बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकत जा. आवाज कुठे भरीव आणि कुठे ढबढब येतो, त्याप्रमाणे खडूनं खुणा करा आणि फोटो घ्या. ढोलीचं तोंड घेराच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठं असेल, बुंध्याशी कडक, अर्धगोल भूछत्रं आली असतील किंवा एका बाजूची जमीन उचलली जाऊन भेगा दिसत असतील, तर मात्र जाणकाराला तातडीनं बोलवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय धुळ्यातच आहे. तिथल्या वनस्पती रोगशास्त्र विभागाला पत्र द्या आणि पाहणीचा लेखी अहवाल मागा. त्यात ‘धोकादायक’ असा शब्द आला तर नेमका कोणता भाग आणि कशामुळे, हे लिहून घ्या. एका फांदीचा धोका फांदी हलकी करून जातो.

काढायच्या बाजूचे लोक ऐकत नसतील तर त्यांना कोलकात्याजवळच्या शिवपूर उद्यानातल्या मोठ्या वडाचं उदाहरण द्या. बुरशीनं कुजलेलं त्याचं मूळ खोड १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं. झाड आजही पारंब्यांवर उभं आहे.

म्हणूनच पारंब्या कापणं हे तुमच्या वडाचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. ढोलीच्या बाजूच्या जड फांद्यांना पुढे टेकू लागणार आहे आणि तो झाड स्वतःच तयार करतंय. प्रत्येक जड फांदीवरच्या दोन-तीन चांगल्या पारंब्या निवडा. टोक पांढरट-पिवळसर, मऊ आणि ओलसर असेल ती वाढती पारंबी. टोक कापलेल्या पारंबीला बाजूनं नवे धागे फुटतात, तीही चालते. रस्त्यावर येणारी पारंबी सुतळीनं सैल बांधून तिरकी वळवा आणि पाराच्या कडेला आणा. मग चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन अर्ध्या पन्हाळ्या करा, पारंबी आत घेऊन भोवती माती, शेणखत आणि नारळाचा भुसा भरा आणि पन्हाळ्या सुतळीनं बांधून जमिनीतल्या दीड फुटी खड्ड्यात टेकवा. तार वापरू नका. वरून दोन-तीन दिवसांआड तांब्याभर पाणी पुरतं. पारंबी जमिनीत पक्की होऊन मनगटाएवढी झाली की पाइप काढून टाका, राहिला तर तोच तिला आवळतो. याला काही वर्षं लागतात, म्हणून याच पावसाळ्यात सुरू करा.

फांद्यांसाठी महावितरणला पत्र द्या. झाडाजवळच्या दोन खांबांमध्ये उघड्या तारांऐवजी प्लास्टिकच्या वेष्टनाची एबी केबल टाकली की दरवर्षीची तोड थांबते. एकाच बाजूनं कापत राहिल्यानं झाडाचा तोल दुसरीकडे जातो. तोपर्यंत छाटणी करावीच लागली तर वृक्ष अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेऊन, एका वर्षात दहा टक्क्यांहून कमी पाला, आणि एप्रिल-मे टाळून. सावली एकाएकी गेली की आतल्या फांद्यांची साल ४४-४५ अंशांत भाजते आणि त्या भेगांत किडा शिरतो. जाड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग थोडं पुढे वरून, आणि शेवटी उरलेला खुंट बुडाशी असलेली फुगीर कडी शाबूत ठेवून. डांबर फासू नका. काही लावायचंच तर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत.

पुनर्रोपणाला सरळ नाही म्हणा. चौदा फूट घेराचं झाड हलवताना जवळपास सगळी मुळं आणि सगळ्या फांद्या कापाव्या लागतात. ट्रकवर चढतं ते नुसतं खोड.

वटपौर्णिमेला सुती धागा खुशाल गुंडाळा, तो दोन पावसांत गळून जातो. नायलॉनचा दोरा आणि जरीची फीत मात्र दुसऱ्या दिवशी कापून घ्या. खिळे ठोकून लावलेल्या पाट्या, सीरियल दिव्यांच्या माळा उतरवा. साल आत घेऊन बसलेला जुना खिळा ओढू नका, राहू द्या.

आखाजीचे झोके बंद करू नका. ज्या लेकी त्या वडाला झोका घेतात, त्याच उद्या अर्जावर सही करतील. फांदी तेवढी नीट निवडा: ढोलीच्या विरुद्ध बाजूची, बुडाशी आठ इंचांहून जाड, भरपूर पानं असलेली, जोडाशी चीर नसलेली. दोर खोडापासून पाच-सहा फुटांच्या आतच बांधा, टोकाकडे नको. दोराखाली जुन्या टायरचा तुकडा किंवा गोणपाटाच्या चार घड्या घाला, म्हणजे साल सोलली जाणार नाही. एका फांदीला एकच झोका, एका वेळी एकच जण. आणि आखाजी झाली की दोर सोडून घ्या. विसरलेला दोर वर्षभरात फांदीत रुततो.